ऑफर लेटर आहे, जॉइनिंगची तारीख नाही: मंदीतली भरती कशी चालते आणि नव्या पदवीधराने काय करावे

सातव्या सेमिस्टरला कॅम्पसमध्ये निवड झाली, घरी पेढे वाटले गेले, मामा-काकांना फोन गेले, आणि पदवीचा निकाल लागून चार महिने उलटले तरी कंपनीकडून 'रुजू होण्याची तारीख लवकरच कळवण्यात येईल' एवढेच उत्तर येत राहिले, अशी मुले पुण्यात कर्वेनगर, नऱ्हे किंवा वाकडच्या कॉट बेसिसच्या खोल्यांमधून भेटत असतात. मेसचे पैसे दर महिन्याला द्यावेच लागतात, घरून येणाऱ्या 'झाले का जॉइनिंग?' या प्रश्नाला उत्तर नसते, आणि खोट आपल्यातच असावी असे त्या मुलाला हळूहळू वाटू लागते. मी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत भरतीचे काम पाहतो, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. तिथून पाहिले तर या प्रकरणातला बराच भाग साध्या बेरीज-वजाबाकीचा आहे. ती एकदा समजली की पुढचे निर्णय थोडे शांत डोक्याने घेता येतात.

एक हजार माणसांची कंपनी समजा. चांगल्या वर्षात तिच्यातले शंभरातले वीस जण दुसरीकडे अधिक पगार मिळतो म्हणून सोडून जातात, म्हणजे दोनशे खुर्च्या रिकाम्या होतात. धंदा दहा टक्क्यांनी वाढत असल्याने आणखी शंभर माणसे लागतात, म्हणजे त्या वर्षी तीनशे जणांची भरती होते. आता वाईट वर्ष पाहा. बाहेर नोकऱ्या नसल्याने कोणी जागचे हलत नाही आणि सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण बारा टक्क्यांवर येते, म्हणजे फक्त एकशे वीस खुर्च्या रिकाम्या होतात. काम पाच टक्क्यांनी घटल्यामुळे त्यांतल्या पन्नास भरायच्याच नाहीत असे ठरते. उरल्या सत्तर. कंपनीचे काम अवघे पाच टक्के कमी झाले, पण भरती तीनशेवरून सत्तरवर आली. ज्याला आधीच नोकरी आहे त्याला मंदी म्हणजे यंदा पगारवाढ नाही एवढेच जाणवते. जो दाराबाहेर उभा आहे, त्याच्यासाठी चारांतली तीन दारे बंद झालेली असतात.

हे गणित कागदावरचे नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) २०२१-२२ या आर्थिक वर्षात आपल्या मनुष्यबळात निव्वळ एक लाखाहून अधिक माणसांची भर घातली होती. त्याच कंपनीचे मनुष्यबळ २०२३-२४ मध्ये १३,२४९ ने घटले. त्या वर्षी इन्फोसिसमध्ये २५,९९४ आणि विप्रोमध्ये २४,५१६ माणसे कमी झाली. टीसीएसमध्ये सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये २१.५ टक्के होते, ते मार्च २०२४ पर्यंत १२.५ टक्क्यांवर आले. यामागचे कारण हिंजवडीत शोधून सापडणार नाही. करोनाकाळात जवळजवळ शून्यावर असलेला व्याजदर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ पासून वाढवत नेला आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांच्या पट्ट्यात पोहोचला. पैसा महाग झाला की तिकडच्या बँका, विमा कंपन्या आणि दुकानांच्या साखळ्या नवे सॉफ्टवेअर प्रकल्प पुढे ढकलतात. तिथे प्रकल्प ढकलला गेला की इथली जॉइनिंगची तारीख ढकलली जाते.

उरलेल्या सत्तर जागांतही नवख्यांचा वाटा कमी होतो, कारण फ्रेशरला पहिले काही महिने शिकवावे लागते आणि तेवढ्या काळात त्याच्या कामाचे बिल ग्राहकाला लावता येत नाही. धंदा जोरात असताना हा खर्च कंपनी आनंदाने करते, पण मंदीत दोन वर्षांचा अनुभव असलेला माणूस थोड्याच जास्त पगारात मिळत असेल तर त्यालाच बोलावले जाते. शिवाय कामावर असलेल्याला काढणे त्रासाचे असते आणि त्याची बातमी होते. अजून न आलेल्याला थांबवून ठेवले तर एक ई-मेल पुरतो.

यात भर पडते ती कांद्याच्या गणिताची. यंदा लासलगावला कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळेच कांदा लावतात आणि माल बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो. अभियांत्रिकीत हा हंगाम चार वर्षांचा आहे. २०२१-२२ ची भरती पाहून ज्यांनी संगणक शाखेला प्रवेश घेतला, ते पदवी घेऊन २०२५ आणि २०२६ मध्ये बाहेर पडतात, आणि त्यांनी ज्या बाजाराकडे पाहून निर्णय घेतला होता तो तोवर उठून गेलेला असतो. यात त्या मुलांची चूक काढता येत नाही. अठराव्या वर्षी समोर दिसते त्यावरूनच माणूस ठरवतो.

मग प्रश्न असा की या वाईट सुरुवातीची किंमत किती काळ मोजावी लागते. अर्थशास्त्रज्ञांनी याचा बराच अभ्यास केला आहे. कॅनडातील पदवीधरांवर ओरिओपोलस, फॉन वॉख्टर आणि हाइझ या तिघांनी केलेले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन यातले विशेष महत्त्वाचे आहे. मंदीत पदवी घेतलेल्यांची मिळकत सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहते, पाचेक वर्षांत ही तूट निम्म्यावर येते आणि दहा वर्षांच्या सुमारास भरून निघते, असे त्यांना आढळले. माझ्या दृष्टीने या आकड्यांपेक्षा तूट भरून निघण्याची रीत अधिक कामाची आहे. पहिली नोकरी लहान किंवा कमी पगाराच्या ठिकाणी मिळालेली मुले बाजार सावरल्यावर टप्प्याटप्प्याने अधिक चांगल्या कंपन्यांत सरकत गेली आणि मुख्यतः त्या सरकण्यातून त्यांची तूट भरली. ज्यांना सरकता आले नाही, त्यांची तूट तशीच राहिली.

सरकता न येण्याचे उदाहरण जपानचे आहे. तिथे मोठ्या कंपन्या दरवर्षी वसंतात नुकत्याच पदवी घेतलेल्यांची एकगठ्ठा भरती करतात, आणि ते एक वर्ष चुकले की पुढे त्या दारातून आत जाणे फार अवघड होते. १९९० च्या दशकात अर्थव्यवस्था खाली गेल्यावर साधारण १९९३ ते २००५ या काळात पदवी घेतलेल्यांना 'हिमयुगातली पिढी' असे नाव पडले आणि त्यांतले कित्येक जण चाळिशीपर्यंत कंत्राटी कामेच करत राहिले. २०१९ मध्ये ताकाराझुका या शहराच्या नगरपालिकेने खास या पिढीसाठी तीन जागा काढल्या, तेव्हा अठराशेहून अधिक अर्ज आले.

आपली कॅम्पस पद्धत जपानच्या या पद्धतीच्या अस्वस्थ करण्याइतकी जवळ आहे. 'फक्त २०२५ ची बॅच', 'शिक्षणात एक वर्षापेक्षा अधिक खंड नको', 'दहावीपासून सलग साठ टक्के' अशा अटी भरतीच्या संगणकीय चाळणीत आधीच घातलेल्या असतात. त्यामुळे माझ्या मते नव्या पदवीधराने सर्वांत अधिक जपायची गोष्ट पगार नव्हे. पदवीनंतरचे पहिले वर्ष कागदावर कोरे राहू देऊ नये.

जॉइनिंगची वाट पाहणाऱ्यांना हे आधी लागू होते. ऑफर लेटर हातात आहे म्हणून दुसरीकडे अर्जच न करणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. ते पत्र एकदा नीट वाचावे. कंपनीच्या गरजेनुसार तारीख बदलण्याचा किंवा प्रस्ताव मागे घेण्याचा हक्क कंपनीने बहुधा त्यातच राखून ठेवलेला असतो. तारीख दिलेली नसेल तर आपल्यालाही थांबण्याचे बंधन नाही, आणि दुसरे काम धरून पुढे तारीख आली तर रीतसर राजीनामा देऊन जाता येते. थांबणे अनेकांना परवडते, हाही यातला एक भाग आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्केच होती. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल कमाईवर पेटते तो मिळेल ते काम धरतो, आणि पदवीधर, घरच्यांच्या आधारावर, मनासारख्या कामाची वाट पाहतो. सहा महिने अशी वाट पाहणे समजण्यासारखे आहे, पण दोन वर्षांनंतर तीच वाट चाळणीत अडकते.

कोरे वर्ष टाळण्याचा सर्वांत सरळ मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे. तो आयटीआयच्या मुलांसाठीच असतो, असा पदवीधरांचा उगाच समज झालेला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील जवळपास प्रत्येक मध्यम कारखाना, आणि आमच्यासारखी कार्यालयेही, यात येतात. पदवीधराला द्यायचे किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत दरमहा ९,००० रुपये ठरवले गेले होते, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्या किमान रकमेचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. कंपनीला माणूस स्वस्तात मिळतो, म्हणून 'जागा नाही' म्हणणारी कंपनी 'अप्रेंटिस म्हणून घ्याल का?' या प्रश्नावर पुष्कळदा थबकते. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरवलेले आहेत. या दोन्ही ठिकाणी पुढे कायम करण्याचे बंधन मालकावर नसते, हे आधीच मनाशी पक्के असावे. हाती काय लागते, तर तारखा घातलेले प्रमाणपत्र आणि आपले काम पाहिलेला एखादा वरिष्ठ.

हा वरिष्ठ फार मोलाचा असतो, कारण मंदीत जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. आमच्याकडे मागे एका कनिष्ठ टेस्टरच्या जागेची जाहिरात नोकरीच्या संकेतस्थळावर टाकली आणि तीन दिवसांत इतके अर्ज आले की शेवटी ती आम्ही काढून टाकली. जागा भरली ती आमच्याच एका कर्मचाऱ्याने सुचवलेल्या मुलीने. याला वशिला म्हणून नाक मुरडण्याआधी भरती करणाऱ्याची अडचण पाहावी. हजार अर्ज वाचायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि 'ही मुलगी सांगितलेले काम वेळेत करते' असे विश्वासातल्या माणसाने सांगितले की त्याला बाकीचे नऊशे नव्याण्णव अर्ज वाचावे लागत नाहीत. त्यामुळे महाविद्यालयातील दोन-तीन वर्षे पुढची मुले, प्रकल्पाचे मार्गदर्शक, गावाकडचा कोणी भोसरीत सुपरवायझर असेल तर तो, या सर्वांना 'नोकरी बघा माझ्यासाठी' असे मोघम न सांगता 'तुमच्या कंपनीत टेस्टिंगची किंवा सपोर्टची जागा निघाली तर माझा बायोडेटा पुढे पाठवाल का?' असे नेमके विचारावे. नेमक्या विनंतीला हो म्हणणे सोपे जाते.

जागा शोधतानाही नजर थोडी बाजूला वळवावी लागते. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या भरती थांबवतात तेव्हाही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे काम चालूच असते. सहकारी बँकेचा संगणक विभाग, साखर कारखान्याचे ईआरपी (खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली), रुग्णालयाचे बिलिंग, गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतील गुणवत्ता नोंदी, वाहन उद्योगाच्या सुट्या भागांचे नियोजन, हे सगळे संगणकावरच चालते आणि ते सांभाळायला माणूस लागतो. मंदीतला पहिला पर्याय निवडताना मी मुलांना पगार सोडून तीन गोष्टी विचारायला सांगतो. रोजचे काम काय असेल आणि ते दीड वर्षाने दुसऱ्या कंपनीला सांगण्याजोगे असेल का? शिकवणारा कोणी वर आहे का? आणि दोन वर्षांनी सोडायचे झाले तर काय अडेल? नावाजलेल्या कंपनीत दिवसभर एक्सेलमधल्या रकान्यांची नक्कल करण्यापेक्षा वीस माणसांच्या कंपनीत ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवणे पुढच्या मुलाखतीत अधिक उपयोगी पडते.

बायोडेट्याबद्दल एकच सांगतो. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक बायोडेट्यांत पहिल्या चार ओळी एकसारख्या असतात: आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा, मेहनती स्वभाव, संघभावना. त्या ओळी मी वाचत नाही. वाचणारा कोणी मला भेटलेलाही नाही. एकदा इचलकरंजीच्या एका मुलाच्या बायोडेट्यात दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या साठ्याची नोंद वहीत होत असे, ती त्याने एक्सेलवर आणली आणि महिन्याचा हिशेब जुळवायला लागणारे दोन दिवस दोन तासांवर आले. मुलाखतीला त्याला बोलावले ते त्या ओळीमुळे. 'घरचेच काम होते, त्यात काय सांगायचे' असे तो म्हणाला. ती ओळ सर्वांत वर हवी होती.

आता पॅकेजचे बोलू. वार्षिक ३ लाख ६० हजारांचा आकडा ऐकून महिन्याला ३०,००० मिळतील असे घरचे धरून चालतात. त्यांतले दहा टक्के बहुधा कामगिरीवर अवलंबून असतात, म्हणजे ३,००० गेले. कंपनीने भविष्य निर्वाह निधीत भरायचे १,८०० याच आकड्यात धरलेले असतात. मूळ वेतन १५,००० असेल तर ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२० वेगळे काढले जातात, आणि गटविम्याचा हप्ता समजा ४०० असतो. उरलेल्या २४,०८० मधून तुमच्या वाट्याचे निर्वाह निधीचे १,८०० आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचे २०० जातात. हातात येतात साधारण २२,०८०. (महिलांना दरमहा २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे.) म्हणून दोन प्रस्तावांची तुलना करताना दरमहा खात्यात किती जमा होईल, हे भरती विभागाला सरळ विचारावे. असे विचारल्याने कोणी रागावत नाही.

बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा लेखी करार, याबाबतीत मुलांच्या मनात एकतर फार भीती असते किंवा अजिबात नसते, आणि दोन्ही चुकीचे आहे. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, अशा अटीला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे फारसे बळ उरत नाही. मात्र ठरावीक काळ नोकरी करण्याची आणि आधी सोडल्यास वाजवी भरपाई देण्याची अट वेगळी आहे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम, मुदत आणि कंपनी देणार असलेले प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत; मूळ दाखवावी, प्रत द्यावी.

वाईट काळात नोकरी विकणाऱ्यांचा धंदा तेजीत असतो. लॅपटॉपची अनामत, पडताळणीचे शुल्क, गणवेशाचे पैसे, कारण कोणतेही सांगितले जावो, रुजू होण्याआधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसतो. 'हमखास प्लेसमेंट'वाल्या काही वर्गांची फी प्रत्यक्षात मुलाच्या नावावरचे कर्ज असते आणि नोकरी न लागताही हप्ते चालू होतात, म्हणून कर्जाची कागदपत्रे घरातल्या मोठ्या माणसाला वाचायला द्यावीत. पैसे देऊन दोन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखला घेणाऱ्यांना वाटते की तो कोण तपासणार. आम्ही तपासतो. निर्वाह निधीच्या नोंदीत आधीच्या मालकाने पैसे भरलेले दिसतात किंवा दिसत नाहीत, आणि रुजू झाल्यावर सापडलेला माणूस त्याच दिवशी घरी जातो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट आम्हीच काढू, असा निरोप आला तर त्याहून अधिक सावध व्हावे. अशा निरोपांवर विश्वास ठेवून गेलेले आणि म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेले ५४९ भारतीय मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. परदेशातील नोकरीचा दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे कोणालाही पाहता येते.

नोकऱ्या आटल्या की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका भरतात. स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही, पण प्रमाण डोळ्यांसमोर असावे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १० लाख १६ हजार ८५० अर्ज आले आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली, म्हणजे हजारात एक. प्रशासनातच काम करायचे आहे म्हणून जो बसतो त्याने जरूर बसावे. बाजारात काही मिळत नाही म्हणून बसणाऱ्याने मात्र किती प्रयत्न आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्याच दिवशी लिहून घरच्यांच्या हाती द्यावे, आणि जमल्यास अर्धवेळ का होईना, नोंद राहील असे एखादे काम चालू ठेवावे.

शेवटी वेळापत्रकाबद्दल. भारतीय कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि अमेरिकी ग्राहकांच्या खर्चाची तरतूद बहुधा जानेवारीपासून धरली जाते. डिसेंबरमध्ये भरतीच्या विभागाकडे मंजूर जागा नसतात, त्यामुळे चांगला उमेदवार समोर असूनही 'नाही' म्हणावे लागते, हे मी स्वतः अनेकदा केले आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच टेबलावर चार-पाच जागांची मंजुरी येते आणि तोवर डिसेंबरमधले नाव आमच्या ध्यानातून गेलेले असते. म्हणून कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने नकार दिला, हे एका वहीत लिहून ठेवावे, आणि ज्यांनी 'सध्या जागा नाही' असे कारण दिले होते त्यांना एप्रिलमध्ये दोन ओळींचा ई-मेल करावा: आपण डिसेंबरमध्ये भेटलो होतो, त्यानंतर मी अमुक शिकलो, बायोडेटा सोबत जोडला आहे. माझ्याकडे असा ई-मेल वर्षाकाठी दोघा-तिघांचाच येतो.